उजव्या डोळ्याच्या सुरकुत्या आणि २२०० रुपयांचं पेप्टाइड सीरम

खैरणेकर | रविवार, रात्री ९.४०

हा धागा काढावा की नको, यात दोन आठवडे गेले. वय ५३, पुरुष, पेशाने कॉस्ट अकाउंटंट. तोंडाला आजवर साबण, थंडीत व्हॅसलीन आणि दाढीनंतर तुरटी, यापलीकडे काही लागलेलं नाही.

गेल्या महिन्यात वाशीला लेकीचा साखरपुडा झाला. फोटोग्राफरने चारशे फोटो पाठवले. डावीकडून काढलेल्या फोटोंत मी माझ्या वयाचा दिसतो आणि उजवीकडून काढलेल्यांत माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा. उजव्या डोळ्याच्या कडेला पंखा उघडल्यासारख्या सुरकुत्या, गालावर दोन तपकिरी डाग. बायको म्हणाली, "ते कधीपासून आहे! तुम्ही आरशात फक्त भांग बघता."

लेकीने ऐकलं आणि दोन दिवसांत पार्सल दारात. ३० मिलीची काचेची बाटली, ड्रॉपर, २२०० रुपये. पुढे ठळक अक्षरांत "१० टक्के पेप्टाइड कॉम्प्लेक्स". मागे मुंगीएवढ्या अक्षरांत अ‍ॅसिटिल हेक्झापेप्टाइड-८, पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१, पामिटॉइल टेट्रापेप्टाइड-७. लग्न मे महिन्यात आहे. तोवर फरक पडेल, असं तिचं म्हणणं.

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे पेप्टाइड म्हणजे काय प्रकरण आहे, आणि २२०० रुपयांत ते मला किती मिळतंय. ज्यांना टिंगल करायची त्यांनी जरूर करावी, फक्त आधी उत्तर द्यावं.

घोडबंदरचा_घाट | रविवार, रात्री ९.५२

मी पयला! काका, माझ्याकडे उत्तर नाही, नुसती टिंगल आहे. मे महिन्यात ठाण्याच्या हवेत चेहऱ्यावर काहीही लावा, मांडवापर्यंत पोचायच्या आत ते कॉलरवर असेल. हलकेच घ्या.

अनुस्वार | रविवार, रात्री १०.०५

अवांतर: शीर्षकात 'पेप्टाइड' ऱ्हस्व इ घालून लिहिलेलं बघून बरं वाटलं. नाहीतर हल्ली ऑक्साईड, ग्लुकोसाईड असा दीर्घ सुळसुळाट असतो. चालू द्या.

नौपाड्याची_माई | रविवार, रात्री १०.३०

माझं वय ६९. आमच्या घरी रोज सकाळी दूध तापलं की साय वाटीत काढून ठेवायची. त्यातली बोटभर तोंडाला, बाकीची विरजणाला. वर डाळीचं पीठ. माझ्या सासूबाईंच्या तोंडावर ऐंशीव्या वर्षीही चकाकी होती. सुरकुत्या होत्याच हो, पण त्या हसून हसून पडलेल्या. लेकीने प्रेमाने आणलंय तर लावा, पण २२०० रुपयांत चार महिन्यांचं म्हशीचं दूध येतं, एवढं सांगून ठेवते.

घोडबंदरचा_घाट | रविवार, रात्री १०.३४

माई, चार महिन्यांचं? कुठल्या सालचा भाव हा?

नौपाड्याची_माई | रविवार, रात्री १०.४१

बरं, एक महिन्याचं. तुझा मुद्दा काय?

रबाळ्याची_रेवा | सोमवार, सकाळी ७.१५

हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून सविस्तर लिहिते. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रबाळ्याच्या एका युनिटमध्ये २२ वर्षं फॉर्म्युलेशन बघते. आम्ही दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवून देतो, त्यामुळे कुठल्याच बाटलीशी माझं प्रेम नाही आणि भांडणही नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. कड्या दोन-चार-दहा असल्या की पेप्टाइड, शेकड्यांनी झाल्या की प्रथिन. इन्शुलिन हेही पेप्टाइडच, ५१ कड्यांचं. तुमच्या बाटलीतली तीन, चार आणि सहा कड्यांची. नावातले ट्राय, टेट्रा, हेक्झा हे तेच आकडे.

ती त्वचेला कशासाठी लावायची? त्वचा ताठ राहते ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनामुळे. कोलॅजेनचे तीन धागे दोरीसारखे एकमेकांना पीळ घालून असतात, हे १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडलं. आपल्याकडच्या विज्ञानातली ही एवढी मोठी गोष्ट, आणि आम्ही तिच्या नावावर क्रीम विकतो. असो. भिंत पडली की खाली विटांचे तुकडे पडतात आणि ते बघून गवंडी कामाला लागतो. तसं कोलॅजेन तुटलं की त्याचे काही तुकडे पेशींना 'इथे दुरुस्ती काढा' असा निरोप देतात. १९९३ मध्ये असा एक पाच कड्यांचा तुकडा सापडला. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तो टाकला की त्या जास्त कोलॅजेन बनवू लागल्या. पुढे फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने त्याला पामिटिक आम्लाची शेपटी जोडली आणि मॅट्रिक्सिल नावाने बाजारात आणलं. तुमच्या पुठ्ठ्यावरचं 'पामिटॉइल' ते हेच. त्वचेचा वरचा थर तेलकट गोष्टींना दार उघडतो, पाण्यातल्या गोष्टींना उंबऱ्यावरच थांबवतो. म्हणून ही शेपटी.

तुमच्या बाटलीतली ट्रायपेप्टाइड-१ आणि टेट्रापेप्टाइड-७ ही जोडी म्हणजे त्याच घराण्यातलं मॅट्रिक्सिल ३०००. हेक्झापेप्टाइड-८ मात्र वेगळ्या गोत्राचं. त्याचं बाजारातलं नाव आर्जिरिलाइन, ते बार्सिलोनाच्या लिपोटेकने काढलं. सुरकुत्यांसाठी टोचतात ते बोटॉक्स स्नायू सैल करायला ज्या प्रथिनावर जाऊन घाव घालतं, त्याच प्रथिनाच्या टोकाची ही नक्कल आहे. म्हणून दुकानात 'बाटलीतलं बोटॉक्स' म्हणून खपवतात. ते ऐकून मला दर वेळी हसू येतं, त्यावर पुढे लिहीन.

आता तुमचे १० टक्के. खैरणेकर, हिशेबाचं माणूस आहात म्हणून सांगते, खुर्चीवर नीट बसा. हे पेप्टाइड आमच्याकडे शुद्ध पावडर म्हणून जवळजवळ कधीच येत नाही. येतं ते पातळ द्रावण, पाणी किंवा ग्लिसरीनमध्ये विरघळवलेलं. आर्जिरिलाइनचं जे द्रावण सगळीकडे वापरलं जातं त्यात खरं पेप्टाइड ०.०५ टक्के असतं. मॅट्रिक्सिलमध्ये १०० पीपीएम, दहा लाख भागांत शंभर, म्हणजे ०.०१ टक्के. पुठ्ठ्यावर जे १० टक्के लिहितात ते या *द्रावणाचे*. खोटं कोणी लिहिलेलं नाही. नुसतं कशाचे १० टक्के, ते सांगितलेलं नाही.

गाडी आली, संध्याकाळी बोलू.

खैरणेकर | सोमवार, सकाळी ११.२०

ऑफिसात चहाच्या वेळी कॅल्क्युलेटर घेतला. सोपं जावं म्हणून सगळे १० टक्के आर्जिरिलाइनच्या द्रावणाचे धरतो. ३० ग्रॅम माल. त्यात १० टक्के द्रावण म्हणजे ३ ग्रॅम. त्याचे ०.०५ टक्के म्हणजे दीड मिलिग्रॅम.

दीड. मिलि. ग्रॅम.

२२०० भागिले दीड, म्हणजे मिलिग्रॅमला १४६६ रुपये. ३१ वर्षं कॉस्टिंग करतोय, असा रेट मी कुठल्याही शीटवर लिहिलेला नाही. उरलेले जवळजवळ तीस ग्रॅम पाणी आणि काय काय ते मी धरलेलंच नाही.

घोडबंदरचा_घाट | सोमवार, सकाळी ११.२६

दंडवत घ्या काका. टिंगल मागे घेतो.

मुलुंड_चेक_नाका | सोमवार, दुपारी १.१०

म्हणजे सरळसरळ लूट आहे. मी आधीपासून सांगत होतो, हे सगळं भोळ्या लोकांना गंडवण्यासाठी. धागा इथेच संपला.

रबाळ्याची_रेवा | सोमवार, रात्री ९.०५

नाही संपला. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

माझ्या आईची थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमची. मिलिग्रॅमचा विसावा भाग. ती बंद केली तर काही आठवड्यांत घरातल्या सगळ्यांना कळतं. निरोप देणाऱ्या रेणूंचं वजन किलोने करायचं नसतं. आम्ही २०० किलोची बॅच घेतो आणि त्यात ३ पीपीएम पेप्टाइड असतं, तेव्हा अख्ख्या बॅचमध्ये शुद्ध पेप्टाइड ०.६ ग्रॅम. पोह्यांवर भुरभुरलेल्या मिठापेक्षा कमी. आणि या ३ पीपीएमवरच अभ्यास झालेला आहे, त्यात फरक मोजलाही गेला. त्यामुळे "इतकंसंच आहे" एवढ्यावर त्याला निकालात काढता येत नाही.

खरा प्रश्न ते आत पोचतं का, हा आहे. २००० साली दोन डच त्वचातज्ज्ञांनी एक ढोबळ नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. आर्जिरिलाइनचं वजन ८८९. वर ते पाण्यात विरघळणारं. त्याला काम करायचंय नसा आणि स्नायू जिथे भेटतात तिथे, म्हणजे त्वचेच्याही खाली. अमेरिकेच्या एफडीएच्या शास्त्रज्ञांनी मृत माणसाच्या त्वचेच्या तुकड्यावर ते लावून पाहिलं, तर जवळपास सगळं वरून धुऊन निघालं. उरलेलं वरच्या मेलेल्या थरात, खालच्या डर्मिसमध्ये सापडलंच नाही. कोपरखैरण्याहून ठाण्याला निघालेला माणूस घणसोलीतच उतरला, तर वागळे इस्टेटचं काम व्हायचं कसं? म्हणून मला त्या 'बाटलीतल्या बोटॉक्स'चं हसू येतं.

मॅट्रिक्सिलवाल्या शेपटीच्या मंडळींची गत जरा बरी.

आणि एक. लेबल वाचायला शिकलेली मंडळी सांगतात की फिनॉक्सीइथेनॉलच्या (माल टिकवायला घालतात ते) खाली जे लिहिलंय ते १ टक्क्याहून कमी, म्हणजे नावापुरतं. पहिला भाग बरोबर. फिनॉक्सीइथेनॉल १ टक्क्याच्या वर घालता येत नाही, आणि १ टक्का व त्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहायला नियमात मुभा आहे. पण पेप्टाइड नेहमीच तिथेच असणार, चांगल्या मालातही. त्यामुळे जागेवरून काही कळत नाही. उलट पेप्टाइडचं नाव यादीत फार वर चढलेलं दिसलं, तर मला वाटतं मार्केटिंगवाल्याने यादी हातात घेतली असावी.

माई, साय चांगलीच. स्निग्धांश आहे, ओलावा धरून ठेवते. पण तोंडावर पुरळ येणाऱ्या पोरींना सांगू नका.

वाशीची_डॉक्टरीण | सोमवार, रात्री ११.३०

वाचत होते, आता राहवत नाही. त्वचारोगतज्ज्ञ आहे, वाशीत प्रॅक्टिस. खैरणेकर, एक विचारते: गाडी स्वतः चालवता का? रोज कुठून कुठे? किती वर्षं?

खैरणेकर | मंगळवार, सकाळी ८.१०

स्वतःच चालवतो. कोपरखैरणे ते वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर रोडने. सकाळी सव्वाआठला निघतो, संध्याकाळी पाचला परत. १९ वर्षं. याचा काय संबंध?

वाशीची_डॉक्टरीण | मंगळवार, दुपारी २.४५

सगळा संबंध तिथेच आहे.

सकाळी तुम्ही उत्तरेकडे जाता. पूर्व तुमच्या उजव्या हाताला. संध्याकाळी दक्षिणेकडे येता, पश्चिम पुन्हा उजव्याच हाताला. आपल्याकडे ड्रायव्हर बसतो उजवीकडे, खिडकीला चिकटून. १९ वर्षं, दिवसातून दोनदा, सूर्याने तुमचा एकच गाल भाजलाय. समोरची काच दोन थरांची असते, ती उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते. बाजूची काच तशी नसते. यूव्हीबी या दुसऱ्या अतिनील किरणांनी चेहरा लाल होतो म्हणून कळतं तरी. यूव्हीए गुपचूप खोलवर जाऊन कोलॅजेन तोडतो, तुम्हाला जाणवतही नाही. एसी लावून काच बंद असते, म्हणून आपण समजतो की आपण सावलीत आहोत.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, २८ वर्षं गाडी चालवलेली. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल शेतात पडलेल्या भेगांसारखा आणि उजवा बराचसा ठीक. आम्ही शिकवताना तो फोटो हमखास दाखवतो. तुमचे साखरपुड्याचे फोटो त्याचीच सौम्य आवृत्ती.

आता औषधांच्या पुराव्याकडे. मॅट्रिक्सिलचा जो अभ्यास नेहमी पुढे करतात तो २००५ चा. ९३ बायका, वय ३५ ते ५५. प्रत्येकीच्या अर्ध्या चेहऱ्यावर ३ पीपीएमचं क्रीम, अर्ध्यावर तेच क्रीम पेप्टाइडशिवाय, १२ आठवडे. कुठल्या बाजूला काय, ते कोणालाच माहीत नाही. आखणी नीट होती आणि फरकही दिसला, पण बारीक रेषांवर आणि थोडा. करणारे शास्त्रज्ञ क्रीम विकणाऱ्या कंपनीचेच, आणि सगळ्या बायका गोऱ्या. आर्जिरिलाइनचा गाजलेला अभ्यास २००२ चा, ३० दिवसांचा आणि १० बायकांवरचा. त्यातला "३० टक्क्यांपर्यंत सुरकुत्या कमी" हा आकडा अजून प्रत्येक जाहिरातीत फिरतोय. दहा बायका म्हणजे आमच्या बिल्डिंगचा एक मजलासुद्धा भरत नाही.

याच्या शेजारी हे ठेवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी ९०३ माणसं, साडेचार वर्षं. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला मनाला येईल तसं. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन त्वचा किती म्हातारी झाली ते मोजलं. २०१३ मध्ये निकाल आला: रोज लावणाऱ्यांत त्वचेचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी. पेप्टाइडच्या जगात या तोलामोलाचं काही मला दाखवा, मी माझ्या दवाखान्यात पाटी लावीन.

आणि आधीच पडलेल्या सुरकुत्यांवर सगळ्यांत जुनं, सगळ्यांत तपासलेलं औषध ट्रेटिनॉइन. अल्बर्ट क्लिगमन यांचा उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा पेपर १९८६ चा. ट्यूब स्वस्त असते. पण रात्रीच लावायची, वाटाण्याएवढी, पहिले काही आठवडे तोंड सोलवटतं, गरोदरपणात अजिबात नाही, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाही. हे शेवटचं मी धंद्यासाठी म्हणत नाहीये. मेडिकलवाल्याने परस्पर दिलेल्या 'डागांच्या' तिहेरी ट्यूबमध्ये ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा काचेसारखा तुकतुकीत, मग लाल, पातळ, गालावर लव. आठवड्याला असे चारपाच पेशंट माझ्यापुढे बसून रडतात.

नौपाड्याची_माई | मंगळवार, दुपारी ३.२०

माझ्या भाचीचं असंच झालं. लग्नाआधी सहा महिने लावत होती. नंतर उन्हात उभीसुद्धा राहू शकेना. तिच्या सासरचे म्हणायचे, ही सारखी घरात का बसते.

मुलुंड_चेक_नाका | मंगळवार, दुपारी ४.००

बाजूच्या काचांना फिल्म लावा, विषय संपला.

घोडबंदरचा_घाट | मंगळवार, दुपारी ४.०४

लावा की. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काचांवर काळ्या फिल्म चिकटवायला बंदी घातली, तेव्हापासून ऐरोली नाक्यावरचे मामा त्याचीच वाट बघत असतात. तुमचे विषय फार लवकर संपतात बुवा.

ऐरोलीची_आसावरी | मंगळवार, रात्री ९.५०

माझाही अनुभव टाकते. वय ४१. मी कॉपर पेप्टाइड वापरते, ते निळं. बाटली नीळ घातलेल्या पाण्यासारखी दिसते, पहिल्यांदा सासूबाईंना वाटलं मी कपड्यांसाठी आणलंय. दीड वर्ष झालं. सुरकुत्यांचं सांगता येत नाही, पण त्वचा मऊ वाटते. सुरुवातीला एक घोळ घातला: सकाळी व्हिटॅमिन सीचं सीरम लावायचे आणि त्यावर लगेच हे. आठवड्यात गाल चरचरायला लागले. रेवाताई, हे दोन्ही एकत्र का चालत नाही?

रबाळ्याची_रेवा | मंगळवार, रात्री १०.२५

कारण शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, फार आंबट माध्यमात ठेवावं लागतं, पीएच साधारण साडेतीनच्या खाली. तेवढ्या आंबटात पेप्टाइडने धरलेलं तांबं सुटायला लागतं. आणि सुटं तांबं व्हिटॅमिन सीला झपाट्याने खराब करतं. दोघंही एकमेकांना बाद करतात, तुम्ही दोघांचे पैसे भरता. एक सकाळी, एक रात्री. चरचर बहुधा नुसत्या आंबटपणाची असावी.

तुमचं ते निळं मला या सगळ्यांत त्यातल्या त्यात आवडतं. जीएचके म्हणतात त्याला, तीन कड्या. लोरेन पिकार्ट यांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तद्रवात सापडलं. अंगात मुळातच असणारी वस्तू, वजन ३४० डाल्टन, तांबं धरूनही पाचशेच्या आत. जखम भरण्यावर त्याचं प्रयोगशाळेतलं काम भरपूर आहे. चेहऱ्यावरचे अभ्यास मात्र छोटे-छोटे. आणि बनवायला फार कटकटीचं. शेवटी मिश्रण चाळीस अंशांच्या खाली थंड झाल्यावरच घालायचं, ईडीटीए घातलेल्या बेसमध्ये चालत नाही कारण ते तांबंच ओढून घेतं. एकदा एका नव्या मुलाने जुना बेस वापरला. निळी बॅच दुसऱ्या दिवशी फिकट झालेली, आणि तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे.

मनोरमानगर_जिम | मंगळवार, रात्री ११.१५

ताई, मग तेच थेट टोचून का घेऊ नये? आमच्या जिममध्ये दोघंजण छोट्या कुप्या मागवतात, हेच निळं, पावडर असते, पाणी घालून इन्शुलिनच्या सुईने पोटात. त्वचेला एकदम ग्लो येतो म्हणतात. आत जात नाही हाच प्रॉब्लेम असेल तर सुई बेस्ट ना?

वाशीची_डॉक्टरीण | बुधवार, सकाळी ६.५०

नाही. त्यांना आजच सांगा.

कॉस्मेटिक म्हणून परवानगी असलेली वस्तू अंगावर चोळायची, ओतायची, फवारायची असते. १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यातल्या व्याख्येत हेच शब्द आहेत. टोचायची वस्तू औषध ठरते आणि तिला औषधाच्या कसोट्या लागतात. त्या कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असेल, वाचायला सांगा. निर्जंतुक आहे का, आत नक्की किती तांबं आहे, दुसरं काय काय आहे, हे कोणीही तपासलेलं नसतं. त्वचा जे अडवते ते उगीच अडवत नाही. तो अडसर म्हणजे दोष नाही, त्यासाठीच तर ती अंगावर आहे.

मनोरमानगर_जिम | बुधवार, सकाळी ७.३०

ओके मॅडम. वाचलं कुपीवरचं. तेच लिहिलंय. ग्रुपवर टाकतो.

ऐरोलीची_आसावरी | बुधवार, सकाळी १०.१०

आणि ते कोलॅजेनचं पावडर? दुधातून घेतात ते? ऑफिसात निम्म्या जणी घेतात.

रबाळ्याची_रेवा | बुधवार, दुपारी १.००

पोटात गेल्यावर ते प्रथिनच. बरंचसं पचून सुटी अमिनो आम्लं होतात, काही दोन-तीन कड्यांचे तुकडे रक्तात पोचतातही. पण रक्तात पोचलं म्हणून ते तुमच्याच गालावर जाऊन बसेल असं नाही. बहुतेक अभ्यास पावडर विकणाऱ्यांच्या पैशांवर झालेत. शिवाय ते गायीच्या कातड्याचं, डुकराचं किंवा माशाचं असतं. झाडातून कोलॅजेन येत नाही. शाकाहारी मैत्रिणींना डब्यामागचं वाचायला सांग, एकदोघी दचकतील.

नौपाड्याची_माई | बुधवार, दुपारी १.३५

शिव शिव. आमच्या शेजारची अळूवडीतसुद्धा कांदा-लसूण घालत नाही आणि रोज सकाळी हे घेते. तिला सांगू की नको?

घोडबंदरचा_घाट | बुधवार, दुपारी १.३८

चातुर्मासापर्यंत थांबा माई.

खैरणेकर | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. निर्णय असा: बाटली आलीच आहे, लेकीचं मन मोडायचं नाही, रात्री लावणार. पण प्रयोग म्हणून फक्त उजव्या बाजूला. डावी बाजू तशीच. सकाळी सनस्क्रीन दोन्ही बाजूंना. डॉक्टर, ते किती लावायचं? आणि पांढरं भूत दिसू नये यासाठी काय?

वाशीची_डॉक्टरीण | बुधवार, रात्री १०.४५

चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पट्टी ओढाल तेवढं, साधारण सव्वा ग्रॅम. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि त्यावर पीए पुढे तीनचार अधिकचिन्हं बघा, ती यूव्हीएसाठी. पांढरं दिसतं ते झिंक आणि टायटॅनियमवाल्यात, जेलमधलं घ्या. संध्याकाळी ऑफिसमधून निघताना पुन्हा. तुमच्या उजव्या गालावरचे डाग मला सुरकुत्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. आपल्या रंगाच्या त्वचेत उन्हाचं वय आधी डागांत दिसतं, रेषा मागाहून येतात. एकदा कोणालातरी दाखवून घ्या, वांग आहे की दुसरं काही ते प्रत्यक्ष बघूनच कळतं.

एका बाजूचा प्रयोग मात्र छान. फोटो एकाच खिडकीत, एकाच वेळी काढा.

खैरणेकर | जूनचा पहिला रविवार, सकाळी ९.००

धागा वर काढतोय. लग्न पार पडलं. हॉल एसी होता, घोडबंदरवाल्यांनी नोंद घ्यावी.

रात्री आठ थेंब, म्हणजे ०.४ मिली. या हिशेबाने ३० मिली ७५ दिवस पुरायला हवं होतं, आणि तेवढंच पुरलं. अभ्यास १२ आठवड्यांचे, म्हणजे ८४ दिवसांचे. म्हणजे ज्या मुदतीत फरक मोजतात ती यायच्या ९ दिवस आधी बाटली संपते. हा योगायोग असेलही. मी कॉस्टिंगवाला असल्याने मला तसं वाटत नाही.

फोटो दर रविवारी सकाळी नऊला, बेडरूमच्या खिडकीशी, बायकोने काढलेले. ते तारखांच्या चिठ्ठ्या झाकून लेक, जावई आणि बायको यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं, आधीचा कुठला, नंतरचा कुठला. जावयाने बरोबर सांगितलं, लेकीने चुकीचं. बायको म्हणाली दोन्हीत दाढी नीट झालेली नाही. माझं स्वतःचं मत: उजवी बाजू मऊ लागते, पंखा आहे तिथेच आहे. डाग थोडे फिके झालेत, पण डावा गालही तेवढाच उजळलाय, म्हणजे श्रेय सनस्क्रीनचं. डाग डॉक्टरांना दाखवले, वांग नाही, उन्हाचेच आहेत.

शिवाय आता आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने जातो. कोपरखैरण्याहून चढलं की डावीकडची खिडकी. येतानाही डावीकडचीच. लोकांना वाटतं हवेसाठी.

रबाळ्याची_रेवा | रविवार, सकाळी ९.४०

चिठ्ठ्या झाकलेल्या, नियंत्रण बाजू, एकच खिडकी. आमच्याकडे क्लेम टेस्टिंगला, म्हणजे मालाचे दावे तपासायला, येता का? खरंच विचारतेय. आणि मऊ लागतंय त्याचं श्रेय ग्लिसरीनला द्या, ते त्या बाटलीत पेप्टाइडच्या हजारो पट असणार. किलोला दोनशेच्या आसपास मिळतं.

खैरणेकर | रविवार, सकाळी ९.५५

काल लेकीचा सासरहून फोन आला होता, दुसरी बाटली मागवू का म्हणून. म्हटलं सनस्क्रीन मागव, दोन. एक जावयाला. तो रोज तुर्भ्याहून ठाण्याला बाइकने जातो.